बेल शिळा होत नाही

पुंजाजी गुरवांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अमरावतीच्या भर बाजारात एका चालत्या बैलगाडीसमोर आडवे झोपले होते.

गाडी दौलतराव पाटलांची होती. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, आणि चाकालासुद्धा चांदीची पट्टी. खोटं सांगत नाही, ते दिवसच तसे होते. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडकून पडला होता आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या बोंडाला जगानं डोक्यावर घेतलं होतं. मी पुण्याहून कचेरीत कारकून म्हणून येऊन तीन दिवस झाले होते. चाकाला चांदी लावणारी माणसं पाहून मी आधीच डोळे विस्फारले होते, त्यात हा म्हातारा. दारू प्यायला असेल असं मला वाटलं.

"पाटील," तो पडल्या पडल्या, ओट्यावर बसून गप्पा माराव्यात अशा सुरात म्हणाला, "तुमचं पान माह्यापाशी पडून हाय. केवा ठेवता परत?"

पाटलांनी आसूड उगारला. तो हवेतच राहिला. मग त्यांनी कासरा ओढला, बैल वळवले आणि गाडी दुसऱ्या गल्लीनं काढली. म्हातारा उठला. त्यानं आधी बाजूला ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलला, मग धूळ झटकली आणि माझ्याकडे पाहून हसला.

"मांगच्या साली मारला होता. औंदा निसता उगारला. उतार पडून राहिला."

"कसला उतार?" मी विचारलं.

"तापाचा. तुमी नवे दिसता. आंधी पानी प्या, मंग बोलू."

भर रस्त्यात एका अनोळखी माणसाच्या तांब्यातलं पाणी! आमच्या पेठेत हे कुणी पाहिलं असतं तर माझी धडगत नव्हती. पण ऊन मी म्हणत होतं, आणि त्या म्हाताऱ्यानं माझा हात धरून ओंजळ करायलाच लावली. मी प्यायलो. हबकायला मी फार वेळ घेत नाही, तो आमच्या घराण्याचाच गुण आहे. पण पुंजाजींच्या शेजारात काढलेल्या त्या वर्षांत मी जितका हबकलो तितका उभ्या आयुष्यात हबकलो नाही.

शेजार म्हणायचं कारण असं, की मला भाड्यानं मिळालेली खोली नेमकी त्यांच्या देवळामागे निघाली. राजापेठेच्या पलीकडे तेव्हा वस्ती विरळ होती. एक लहानसं महादेवाचं देऊळ, पुढं बेलाचं झाड, मागं देवळाच्या इनामाची जमीन. पुंजाजी त्या देवळाचे गुरव. उंच, काटकुळे, गळ्यात एकच रुद्राक्ष, धोतर गुडघ्यापर्यंत. ते धोतर उजव्या अंगाला नेहमी ओलं असायचं. याचं कारण तो तांब्या. काठोकाठ भरलेला तांब्या हातात घेतल्याशिवाय ते कुठंही जात नसत, आणि चालायचे तर इतके भराभर की पाणी सांडून सांडून निम्मं व्हायचं. वाटेत कोणी भेटलं की आधी पाणी, मग बोलणं. मी एकदा न राहवून म्हटलं, "पुंजाजी, थोडं हळू चाललात तर पाणी तरी उरेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा कधी ते बोललो नाही.

घरात ते आणि त्यांची विधवा सून सरी, दोघंच. सरी दिवसभर देवळाच्या ओट्यावर पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसायची. पहिले सहा महिने मी तिचा आवाज ऐकला नाही. मुलगा कशानं गेला हे मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. देवळामागच्या जमिनीत अर्ध्या कोसावर एक बांधीव विहीर होती; तिच्या तोंडावर बाभळीचे काटे रचून ठेवलेले. मी सहज विचारलं, "आटली का?"

"नाही," पुंजाजी म्हणाले. "भरून हाय."

आता त्या पानाचं सांगतो. वऱ्हाडात तेव्हा भांडण हातघाईवर आलं की लोक आमच्या कचेरीत येण्याआधी महादेवापुढं जात. गुरव पिंडीवरचं बेलाचं पान हातात देई, आणि ते उचलून माणूस जे बोलेल ते दगडावरची रेघ. "आजपासून याच्या उंबऱ्यात पाय ठेवनार नाही." "याच्या पंगतीले बसनार नाही." बेल उचलून बोललेलं मोडलं की वंशाला लागतं, हा पक्का समज. कापसाच्या त्या दिवसांत तर अशा शपथांना ऊत आला होता. दोन शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, दोन्हीकडून नांगरून त्यावरही सरकी पेरायची आणि मग भावाभावांनी बेल उचलायचा. दौलतराव पाटील आणि त्यांचे धाकटे भाऊ माधवराव यांचं असंच झालं होतं. धुऱ्याच्या चार हात रुंदीपायी दौलतरावांनी बेल उचलला होता, की भाऊ मेला तरी तोंड पाहणार नाही.

कोणताही गुरव अशी शपथ झाली की पान निर्माल्यात टाकून मोकळा होईल. पुंजाजी ते पान जपून ठेवत. प्रत्येक पान कापसात गुंडाळायचं, वरून दोरा बांधायचा, आणि दोऱ्याला गाठी मारायच्या. अक्षरओळख नव्हती, पण कुठल्या गाठी कुणाच्या हे ते झोपेतसुद्धा सांगतील. ही सगळी पानं गाभाऱ्यातल्या एका मडक्यात. एरवी प्रत्येक घरातून देवाच्या वातींसाठी मूठभर कापूस यायचा. भाव चढल्यापासून तो आटला होता. नंदादीप सुतासारख्या बारीक वातीवर तगून होता, आणि हे गृहस्थ जो काही कापूस मिळेल तो लोकांच्या भांडणांना पांघरूण म्हणून घालत होते.

"कशासाठी?" मी विचारलं.

"बेल शिळा होत नाही, पंत. तुमच्या पोथीत हाय ना?"

आहे. बाकीची फुलं-पानं दुसऱ्या दिवशी शिळी होतात. बेलाचं पान वाळलं तरी धुऊन पुन्हा वाहता येतं. हे मी लहानपणी पाठ केलं होतं.

"मंग उचललेला बेल परत काहून ठेवता येऊ नाही?" पुंजाजी म्हणाले. "पान देवाचं. माणसानं उचललं. वापस ठेवलं का शपथ बी देवापाशी गेली."

मी सर्द झालो. हे गावातल्या एका वृद्ध शास्त्रीबुवांच्या कानावर घातलं तर त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. "पान शिळं होत नाही हे शास्त्र," ते म्हणाले, "पण शपथ परत ठेवता येते हे कुठल्या बापानं सांगितलं?" मी ते पुंजाजींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांना राग आला नाही. "कोन्याच बापानं नाही सांगतलं," एवढंच म्हणाले आणि बराच वेळ पिंडीवरचं पाणी पुसत राहिले.

पान परत ठेवायचा विधी मी प्रथम पाहिला तो अंजनगाव सुर्जीहून आलेल्या दोन जावांचा. एकीनं दुसरीच्या चुलीवरचं खाणार नाही म्हणून बेल उचलला होता, त्याला चार वर्षं झाली होती. पुंजाजी दर महाशिवरात्रीनंतर पायी त्यांच्या घरी जायचे, दारात तांब्या ठेवून विचारायचे, "पान केवा ठेवता?" आणि शिव्या खाऊन परत यायचे. पाचव्या खेपेला त्या दोघी बैलगाडीत एकमेकींकडे पाठ करून बसून आल्या.

पुंजाजींनी कापूस उलगडला. बेलाला तीन दळं असतात. एक एकीच्या चिमटीत दिलं, दुसरं दुसरीच्या. मधल्याला कुणी हात लावायचा नाही, ते देवाचं. दोघींनी मिळून ते वाळकं पान पिंडीवर ठेवलं. पुंजाजींनी वरून पाण्याची धार धरली. मग तांब्यातलं पाणी दोघींच्या ओंजळीत घातलं आणि म्हणाले, "झालं. जा आता घरी, पोरं वाट पाहून राहिले असतीन."

"अहो, क्षमा?" मी मध्येच तोंड घातलं. "एकमेकींची क्षमा नको का मागायला?"

तिन्ही वऱ्हाडी चेहरे माझ्याकडे वळले. पुंजाजी शांतपणे म्हणाले, "पंत, माफी मांगाले लावली का नवं भांडन उभं रायते. कोनं आंधी मांगाची? म्हून आपन ते नावच काढत नाही. पानी प्याले का झालं."

धाकटी जाऊ तेव्हा रडायला लागली आणि थोरलीनं तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. मला पुण्यातल्या माझ्या थोरल्या भावाची आठवण झाली. आमचाही अबोला होता. पुंजाजींनी तो माझ्या चेहऱ्यावरून की काय, पहिल्या महिन्यातच ओळखला होता. त्या आठवड्यात मी त्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. ते असो.

दोन वर्षांत मडकं रिकामं होत आलं. दौलतराव पाटलांचं पान मात्र मडक्यात होतंच. पुंजाजी त्यांच्या गाडीपुढं आडवे पडत होते आणि पाटील गल्ल्या बदलत होते. अशात मला कचेरीच्या कामानं अकोल्याला जायचं आलं. निघताना पुंजाजी आले. तांब्या होताच, पण त्या दिवशी त्यांनी मला पाणी प्या म्हटलं नाही.

"अकोल्याले माहा थोरला पोरगा हाय. उकर्डा. मोर्णेच्या काठी कापसाच्या आवारात गाठी दाबते." त्यांनी तांब्या या हातातून त्या हातात घेतला. "त्याले इचारा, पान केवा ठेवतो."

यांना अजून एक मुलगा आहे हेच मला माहीत नव्हतं. आणि या माणसाच्या स्वतःच्या घरचं पान त्या मडक्यात आहे, हे तर माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

आवारात उकर्डा सापडायला वेळ लागला नाही. बापाची उंची, बापाचेच खांदे. लाकडी दाबाखाली कापूस घालून चार माणसं मोठा मळसूत्री दांडा फिरवत होती, त्यातला तो एक. अंगभर तंतू चिकटलेले. मी निरोप सांगितला. त्यानं दांडा सोडला, कपाळ पुसलं, आणि मला वाटलं हा आता मारतो.

"बुढ्यानं तुमाले सांगतलं का, माहा भाऊ कसा मेला?"

"नाही."

"मंग आयका."

त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. देवळाची जमीन दोघा भावांत वाटली गेली. विहीर उकर्ड्याच्या वाट्यात आली, ती त्यानंच खणलेली होती. एका वेचणीला उकर्ड्याचा कापूस कमी भरला आणि त्यानं किसनावर, म्हणजे धाकट्यावर, संशय घेतला. घरात रोज आरडाओरड. शेवटी पुंजाजींनी वैतागून दोघांना देवळात नेलं आणि पिंडीवरचं पान पुढं केलं, "उचला बेल." जन्मभर दुसऱ्यांना बेल देत आलेला माणूस, त्याला वाटलं, गुरवाची पोरं आहेत, पान पाहूनच घाबरतील आणि भांडण मिटेल. दोघांनीही उचललं. किसना म्हणाला, "याच्या विहिरीचं पानी मले वर्ज्य." उकर्डा म्हणाला, "तं म्या बी याले पानी देनार नाही."

"मंग वैशाखात तो परतवाड्याहून येऊन राहिला होता, पायी. माह्या विहिरीपाशी येऊन पडला. ऊन लागलं होतं. जीभ बाहेर आल्ती, पंत. माह्या हाती भरला पोहरा होता. तो मांगत नव्हता अन् मी देत नव्हतो. आजूबाजूले एक मानूस नाही."

"मग?" मी विचारलं.

"मी पोहरा टाकला अन् देवळाकडं पळत सुटलो. बुढ्याच्या पाया पडलो. म्हटलं, पान वापस घ्या, मले पानी देऊ द्या. बुढा काय म्हणे माहीत हाय? 'उचलेला बेल परत ठेवता येत नाही. वंश बुडते. तू थांब, मी कोनती शपथ नाही घेतली, मी नेतो पानी.'" उकर्ड्यानं पुन्हा कपाळ पुसलं. "तांब्या भरला अन् निघाला. मी मांगून येऊन राहिलो. तो सावकाश चालून राहिला होता. पानी सांडू नाही म्हून."

ते ओलं धोतर, ते भराभर चालणं, आणि मी थट्टेत दिलेला तो शहाणपणाचा सल्ला आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आमी पोचलो तवा माशा बसल्या होत्या," उकर्डा म्हणाला. "अन् आता आयकतो का बुढा साऱ्या मुलखाचे पानं परत ठेवून राहिला. लोक त्याले संत म्हनतेत. एक-एक पान ठेवलं का मले खबर येते, अन् दर खबरीले माहा भाऊ पुन्हा मरते. आज ठेवता येते, तं त्या दिवशी काहून नाही आलं?"



"त्याले सांगा," तो दांड्याकडे वळत म्हणाला, "ते मडकं फोडा. लोकायचे पानं ठेवनं बंद करा. मंग मी येतो."

अमरावतीला परतल्यावर मी हे कसं सांगितलं ते माझं मला माहीत. पुंजाजी ओट्यावर बसून ऐकत होते. शेजारी सरीच्या हातातली पत्रावळ थांबली होती. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "बराबर बोलला." आणि उठून गाभाऱ्यात गेले. मडकं त्यांनी फोडलं नाही, पण त्याच्या तोंडावर फडकं बांधलं. त्या दिवसापासून ते बाजारात गेले नाहीत. पाटलांची गाडी दोनदा देवळासमोरून गेली. पुंजाजींनी मान वर केली नाही. मला त्यांचा राग आला नाही. कुठल्या बापानं दुसरं काही केलं असतं?

आणि नेमक्या चौथ्या दिवशी, सकाळी, दौलतराव पाटील देवळात आले. सोबत माधवराव. झालं असं होतं की माधवरावांना पटकीनं गाठलं होतं, ते मरता मरता वाचले होते. आणि दौलतराव पाच रात्री भावाच्या दाराबाहेर रस्त्यावर बसून होते, कारण तोंड न पाहायची शपथ होती. आतून कण्हणं ऐकू यायचं आणि यांना आत जाता येत नव्हतं. आतासुद्धा दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे होते. माधवरावांना धड उभं राहवत नव्हतं.

"पुंजाजी," पाटील म्हणाले, आणि हा आसूड उगारणारा माणूस हात जोडून बोलत होता, "पान ठेवाले आलो."

पुंजाजी जागचे हलले नाहीत. हे पान ठेवलं की उकर्डा कायमचा गेला. नाही ठेवलं तर ही दोन माणसं शपथेच्या दोन बाजूंना उभी राहून परत जाणार, आणि माधवरावांची प्रकृती पाहता पुन्हा येतीलच असं नाही. मी मनात म्हणत होतो, नाही म्हणा, एकदा तरी स्वतःच्या पोराचं बघा.

पुंजाजी म्हणाले, "त्या दिवशी बी असंच झालं होतं. कोनी तरी पाया पडून राहिलं होतं अन् मी थांब म्हटलं." ते कोणाला सांगत होते, कोण जाणे. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. सरी उठली, गाभाऱ्यात गेली आणि मडकं घेऊन बाहेर आली. फडकं तिनंच सोडलं.

पाटील बंधूंनी पान ठेवलं. दौलतरावांनी भावाचं तोंड पाहिलं आणि ते खाली बसले, लहान मुलासारखे. पुंजाजींनी पाणी दिलं, तांब्याला सरीनंही हात लावला होता.

"पंत," दोघे भाऊ गेल्यावर पुंजाजी मला म्हणाले, "उकर्ड्याले कळवा. जसं झालं तसं सांगा. माह्यासाठी खोटं बोलू नका."

मला वाटलं होतं, हे काम माझ्यावर येऊ नये. आलंच. पुढल्या महिन्यात मी पुन्हा त्या आवारात उभा होतो. सगळं सांगितलं, पुंजाजी ओट्यावर जे बोलले तेसुद्धा. उकर्ड्यानं ऐकून घेतलं.

"माहा निरोप त्याले पोचला होता?"

"शब्दन् शब्द."

"तरी थांब म्हटलं नाही त्याईले?"

"नाही."

आजवर बापाला तो 'बुढा' म्हणत आला होता. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला, "म्हंजे बाबाले समजलं." आणि पुन्हा दांड्याला जाऊन भिडला. संपलं, असं समजून मी परत आलो आणि पुंजाजींना सांगितलं की त्यानं ऐकलं, एवढंच. तेही एवढंच म्हणाले, "आयकलं ना. बस."

वैशाखातली दुपार होती. मी जेवून ओसरीत पडलो होतो, बाहेर उन्हाचा नुसता भडका. देवळापुढं कुणीतरी उभं दिसलं. पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत भरलेले, डोक्याच्या मुंडाशाला अजून कापसाचे तंतू. उकर्डा अकोल्याहून चालत आला होता. पुंजाजी सवयीनं तांब्या घेऊन पुढं झाले आणि तीन पावलांवर थांबले. तो त्यांच्या हातून पाणी घेईल की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं.

"पान काढा," उकर्डा म्हणाला.

मडक्यात एकच उरलं होतं. कापूस पिवळा पडलेला, दोऱ्याला दोनच गाठी. ते उलगडताना पुंजाजींचे ओठ हलत होते. पान इतकं वाळलं होतं की मला वाटलं, हात लागला तर चुरा होईल. उकर्ड्यानं एक दळ धरलं. दुसरं कुणी धरायचं? किसना तर नव्हता.

सरी पुढं आली. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, म्हणजे भासऱ्यासमोर, बाईनं उभं राहायचं नाही ही तिकडची रीत. ती डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून त्याच्या समोर उभी राहिली आणि तिनं किसनाचं दळ धरलं.

पुंजाजी बाजूला सरले. "मधलं तुमी धरा," उकर्डा म्हणाला.

"मधलं देवाचं असते, बाबू."

"त्या दिवशी देव तुमीच झाल्ते. धरा."

मी अक्षरशः भिंतीला टेकलो. असं बोलणं बापाला कुणी बोलतं? पण पुंजाजींनी डोळे मिटले, मान हलवली आणि मधलं दळ धरलं. तिघांनी ते पान पिंडीवर ठेवलं. आणि जन्मभर माफीचं नाव न काढणारा तो माणूस तिथंच मुलाच्या पायांशी वाकून म्हणाला, "चुकलो रे पोरा. माफ कर मले." मग सुनेकडे वळून तेच म्हणाले. सरीचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. "उठा, मामाजी," ती म्हणाली. "पाय पिंडीकडं होऊन राहिले तुमचे."

पुंजाजी उठले आणि पाणी द्यायला तांब्याकडे हात नेला. उकर्ड्यानं तो त्यांच्या हातून काढून घेतला आणि सगळं पाणी बेलाच्या बुंध्याशी ओतून टाकलं. रिकामा तांब्या ओट्यावर ठेवून तो म्हणाला, "चला."

तो पुढं, मागं पुंजाजी, त्यांच्यामागं सरी. मी अनवाणीच धावलो. अर्धा कोस, रणरणतं ऊन. हातात तांब्या नसलेले पुंजाजी मी प्रथमच पाहत होतो. उजवा हात कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. तो मध्येच वर यायचा आणि रिकामा खाली जायचा.

विहिरीवरचे बाभळीचे काटे उकर्ड्यानं नुसत्या हातांनी ओढून काढले. मुंडासं पिळून त्याचा दोर केला, तो तिथंच पडलेल्या अपुऱ्या दोराला जोडला आणि काठावर पडलेला गंजका पोहरा बांधून खाली सोडला. पाणी वर आलं ते स्वच्छ होतं. पहिलं त्यानं भावजयीपुढं धरलं. "आंधी तू. त्याच्या वाटचं हाय." सरी पाठ करून प्यायली.

मग पुंजाजी. ते किसना पडला होता त्या जागी गुडघे टेकून बसले आणि त्यांनी ओंजळ पुढं केली. पुढल्याच महिन्यात माझी बदली झाली आणि मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही, पण ते मला आठवतात ते असेच, उन्हात, मान खाली घालून. उकर्डा धार धरून होता. पाणी ओंजळीतून ओसंडून कोपरांवरून मातीत जात होतं. पुरे म्हणायला हात हलवावा लागतो. पुंजाजींनी तो हलवला नाही, आणि पोहरा संपला तेव्हा उकर्ड्यानं दोर पुन्हा विहिरीत सोडला.